तीस सप्टेंबरनंतरचं मूल



माझी सगळी नोकरी शाळांच्या माहितीत गेली. गटसाधन केंद्रात प्रपत्रं तपासण्यापासून सुरुवात झाली, पुढे जिल्ह्याची आणि नंतर राज्याच्या वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एका जागी आणण्याचं काम केलं. या कामाची बाहेर फारशी ओळख नाही. शिक्षकांना ते ‘माहिती तातडीने सादर करा’ एवढ्यापुरतं माहीत असतं आणि वरच्यांना बैठकीतल्या तक्त्यापुरतं. मला मात्र ते आयुष्यभर मोठ्या जबाबदारीचं वाटत आलं. ज्या मुलाला सरकार मोजतं त्याच्यासाठी तांदूळ येतो, पुस्तक येतं, शिक्षक येतो. जे मोजणीत नाही त्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. आणि आज मला त्याच्याही पुढचं सांगायचं आहे. मोजलेलं मूलसुद्धा आपल्या हातून निसटतं, कारण आपण त्याला वर्षातून एकाच दिवशी मोजतो.

तुमच्या शाळेच्या फलकावर नावाखाली अकरा अंकी यू-डायस क्रमांक लिहिलेला असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, यवतमाळचे १४. त्यानंतर दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन त्या गावातल्या शाळेचे. देशातल्या कुठल्याही शाळेचा पत्ता या अकरा अंकांत मावतो. पण आपल्या झरी-जामणी तालुक्यात या रचनेची एक अडचण होते. कोलाम पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, हे बहुतेक ठिकाणी महसुली गाव नसतं, ते मूळ गावाच्या क्रमांकात धरलं जातं. प्रपत्रात वस्तीचं नाव लिहिता येतं, पण जिल्ह्याची गोळाबेरीज गावावर होते. एक किलोमीटरच्या आत पहिली ते पाचवीची शाळा असली पाहिजे, असा नियम आहे. गावात शाळा आहे म्हटल्यावर तक्त्यात तो पूर्ण झालेला दिसतो. ओढा ओलांडून, रान तुडवून त्या शाळेत येणारी पोडावरची मुलं त्या तक्त्यात वेगळी दिसत नाहीत. कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमाती. ज्यांच्याकडे सगळ्यात बारकाईने पाहायला हवं, त्यांच्याच वस्त्या क्रमांकाच्या रचनेत दुसऱ्या गावाच्या नावाखाली जातात.

शाळेची माहिती ठेवणं आपल्याकडे संगणकाबरोबर आलं असं नाही. दाखल-खारीज रजिस्टर ही या देशातली फार जुनी आणि, माझ्या मते, फार भक्कम माहिती यंत्रणा आहे. यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणीच्या नावाने ओळखत. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या नावाचं आणि इंग्रजांच्या कारभारातलं होतं. त्यानंतर मध्य प्रांत झाला, मध्य प्रदेश झाला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्य आलं, १९६० साली महाराष्ट्र आला. राज्यं बदलली, पण मास्तरांनी रजिस्टरचे रकाने बदलू दिले नाहीत: अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, दाखल दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक, कारण. आजही जात पडताळणीसाठी अनुसूचित जमातीच्या माणसाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा नातू आजोबांच्या शाळेत जाऊन जुनं रजिस्टर उघडायला लावतो. मास्तरांनी टाकाने लिहिलेल्या एका ओळीवर सत्तर वर्षांनी एखाद्याचं वैद्यकीय प्रवेशाचं पत्र अवलंबून असतं. त्याच रजिस्टरांत आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. आईबापांना तारीख सांगता येत नव्हती, शाळेत घ्यायचं तर वय बसायला हवं, म्हणून गुरुजींनी १ जून लिहिली आणि मूल वर्गात बसलं. आजच्या संगणकाला ही तारीख संशयास्पद वाटते. मला त्या तारखेमागे लेकराला शाळेत घेण्याची धडपड दिसते.

रजिस्टर शाळेत राहिलं, वर गेले ते नुसते आकडे. १९२९ साली हार्टोग समितीचा अहवाल आला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत फक्त १८ होती, असं त्या समितीने दाखवलं. गळती आणि स्थगिती हे शब्द शिक्षणाच्या चर्चेत तिथून रुजले. पण ती उरलेली ८२ मुलं कोण, कुठली, कुणाच्या शेतावर गेली, हे समितीला कळण्याचा मार्गच नव्हता. एका वर्षाचा पहिलीचा आकडा घेतला, तीन वर्षांनंतरचा चौथीचा घेतला आणि भागाकार केला. जवळजवळ नव्वद वर्षं आपण हाच भागाकार करत आलो. कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. शाळा सुटलेल्या ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी अर्धवेळ शिक्षणाची सोय करा, असं त्या आयोगाने सांगितलं. मुलं कामाला जातात म्हणून शाळा सोडतात, हे ओळखून केलेली ती शिफारस होती. ती अमलात आणायची तर मुलांची नावं लागली असती. नावं वर पोचलेली नव्हती.

१९९४-९५ पासून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर ‘डायस’ ही शाळांच्या माहितीची यंत्रणा आली. महाराष्ट्रात तो कार्यक्रम आधी औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी या पाच जिल्ह्यांत सुरू झाला. आपल्याकडे हे काम सर्व शिक्षा अभियानाबरोबर आलं. २०१२-१३ पासून प्राथमिक आणि माध्यमिक माहिती एकत्र करून ‘यू-डायस’ झाली. प्रपत्रं कागदी होती. केंद्रप्रमुख ती गोळा करायचे, पंचायत समितीत आणायचे, आम्ही रात्री बसून संगणकात भरायचो. वर्ग किती, फळे किती, स्वच्छतागृह चालू की बंद, मुलं किती, मुली किती. आधारतारीख ३० सप्टेंबर.

आता ही तारीख आपल्या तालुक्यातल्या मुकुटबनमध्ये ठेवून पाहा. पावसाळा ओसरत आलेला असतो, निंदण-खुरपण आटोपलेलं असतं, कापसाची बोंडं अजून फुटायची असतात. मुलं शाळेत असतात आणि पट भरलेला असतो. दसरा होतो, दिवाळी येते, पांढरं सोनं फुटतं आणि वेचणी सुरू होते. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा मागच्या ओळी रिकाम्या असतात. त्या रिकाम्या ओळींना आपल्या यंत्रणेत रकाना नव्हता. मोजणी झालेली असायची आणि पुढची मोजणी पुढच्या सप्टेंबरला. तोवर यातली बरीच मुलं परतलेली असायची, नवं वर्ष, नवा पट. एखादी मुलगी वर्षातले चार महिने वर्गात नसली तरी कागदावर ती एक दिवसही शाळेबाहेर नव्हती.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले गुरुजी तेव्हा केंद्रप्रमुख होते. त्यांच्याकडे प्रपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर एक लांबट हिशेबाची वही असायची. ती कुणी मागितलेली नव्हती. तिच्यात मुलाचं नाव, पोड, कुणाबरोबर गेलं, कुठल्या गावी, परत कधी येणार, आणि तिकडे शाळा किती लांब, एवढं लिहिलेलं असायचं. पानांना शेताची माती लागलेली, काही नोंदी पेन्सिलीच्या, काहींवर नंतर शाईने ‘आली’ असं लिहिलेलं. मी एकदा त्यांच्याबरोबर पोडावर गेलो होतो. चौथीतली एक मुलगी पंधरा दिवस दिसली नव्हती. आई दारातच भेटली. म्हणाली, “वेचाले मी जातो जी, किलोमागं पैसे भेटते. थे लहान्याले पाहते. मंग दोघींपैकी कोन जाईन शाळेत?” गुरुजींनी तिला कायदा सांगितला नाही. वहीत त्या मुलीच्या नावापुढे ‘लहान भाऊ, दीड वर्ष’ असं लिहिलं आणि परतताना अंगणवाडीच्या वाटेने गेले. भावाची सोय लागली की बहीण शाळेत येणार, हे त्यांना त्या एका ओळीवरून कळलं होतं. शिक्षण विभागाची माहिती आणि बालविकास विभागाची माहिती एकत्र आणायची म्हणजे काय, हे मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा त्या वाटेवर जास्त स्पष्ट दिसलं.

आकडे खोटे का होतात, हेही आज स्पष्ट बोललं पाहिजे. पट हा आपल्याकडे नुसता आकडा नसतो, त्याला नोकऱ्या बांधलेल्या असतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तिसरा. ते एकसष्टावं मूल नसलं की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचा तालुका बदलतो, त्याच्या स्वतःच्या मुलांची शाळा बदलते. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, तोही पटाच्या हिशेबाने येतो. संस्थांचं अनुदान पटावर, वसतिगृहाची मान्यता पटावर. ज्याने आकडा भरायचा त्याचीच भाकर त्या आकड्यावर, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून एकच मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि आश्रमशाळेतही नोंदलेलं असायचं. दोन्ही शाळा वेगवेगळ्या विभागांच्या, दोघांच्या याद्या एकमेकींना कधी भेटत नव्हत्या.

२०११ साली नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आपल्या जिल्ह्यात पट प्रत्यक्ष मोजून घेतला. एकच मूल दोन शाळांत उभं राहू नये म्हणून बोटाला शाई लावली. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि पटावरच्या लाखो नावांपुढे मुलं उभी नव्हती, हे सगळ्यांनी पाहिलं. ती मोहीम आवश्यक होती, असंच माझं मत आहे. तरी एक गोष्ट तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. त्या गदारोळात गैरहजर मूल आणि बोगस नाव एकाच पारड्यात पडले. जे नाव कधी कुणाचं नव्हतंच ते खोडायला हवं. पण जे मूल आहे आणि त्या दिवशी शेतात आहे, त्याला शोधायला हवं. दोघांवर एकच लाल रेघ मारली की दुसरं मूल कायमचं जातं.

२०१५ च्या जुलैत राज्याची ‘सरल’ ही संगणकीय यंत्रणा आली. त्याच महिन्यात, ४ जुलैला, राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षणही झालं. ‘सरल’मध्ये पहिल्यांदा राज्याने शाळेऐवजी विद्यार्थ्याची नोंद मागितली. राज्यात एक लाखाहून जास्त शाळा, दोन कोटींहून जास्त विद्यार्थी. त्या काळात शिक्षकांनी जे सोसलं ते मी पाहिलं आहे. पोडावर रेंज नाही, म्हणून रविवारी वणीला किंवा पांढरकवड्याला जाऊन, संगणक केंद्रात रांग लावून, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन त्यांनी एकेका मुलाची माहिती भरली. त्यांचं हे ऋण कुठल्याच अहवालात नोंदलेलं नाही, म्हणून इथे बोलून दाखवतो. ‘सरल’चा विद्यार्थी क्रमांक एकोणीस अंकांचा होता: चार अंक वर्षाचे, अकरा शाळेचे, चार अनुक्रमांकाचे. म्हणजे मुलाच्या ओळखीत त्याची पहिली शाळा कायमची कोरलेली. राज्याच्या आत हे चाललं. पण आपण सीमेवरचे लोक. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, आणि तिथल्या मुख्याध्यापकाला त्या एकोणीस अंकांचा काही उपयोग नव्हता. २०२२ साली आपल्याकडे सिमेंट कारखाना सुरू झाला, परप्रांतांतून कामगार आले, त्यांची मुलं आली. ती येताना जो दाखला आणत, तो आपल्या यंत्रणेला वाचता येत नव्हता.

२०२२-२३ पासून ‘यू-डायस प्लस’मध्ये साऱ्या देशातल्या मुलांची नावनिशीवार नोंद सुरू झाली. मुलाला कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक मिळतो, शिक्षक त्याला ‘पेन नंबर’ म्हणतात. तो राज्य बदललं तरी बदलत नाही. आता ‘अपार’चा बारा अंकी क्रमांकही आला आहे. या बदलानंतर देशाचा पट २०२१-२२ च्या २६ कोटी ५२ लाखांवरून २०२३-२४ साली २४ कोटी ८० लाखांवर आला. मोजण्याची पद्धतच बदलल्यामुळे दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, असं केंद्राने सांगितलं, आणि ते बरोबर आहे. पण या पावणेदोन कोटींच्या फरकात दुबार नावं किती, आणि खरोखर शाळा सुटलेली लेकरं किती, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. तो शाळाशाळांत जाऊन, एकेक नाव विचारूनच सोडवावा लागेल.

त्यात आधारची पडताळणी आली. संच मान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांवर, असं ठरल्यावर मुख्याध्यापकांची झोप उडाली. आत्राम हे आपल्याकडचं घरोघरीचं आडनाव. इंग्रजीत कुणी ते एका ‘ए’ने लिहितं, कुणी दोन ‘ए’ लावून, आणि आदिलाबादकडे ‘टी’नंतर ‘एच’ घालण्याची रीत आहे. आजोळी आधार काढलेलं, जन्म दवाखान्यातला, शाळा इकडची. तीन कागदांवर तीन स्पेलिंग, आणि यंत्राच्या लेखी तीन मुलं, त्यातलं एकही वैध नाही. मूल मात्र पहिल्या बाकावर बसलेलं आहे, मास्तर त्याला रोज पाहतात. अशा वेळी कागद मुलाप्रमाणे दुरुस्त झाला पाहिजे, आणि तोवर मुलाला पटावर धरलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळा प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं स्पष्ट केलं आहे. प्रवेश तर दिला, पण शिक्षक मंजूर करताना तेच मूल धरलं नाही, तर त्या निकालाचा लाभ त्याच्यापर्यंत अर्धाच पोचतो.

नव्या यंत्रणेतली एक गोष्ट मला मनापासून मोलाची वाटते. मूल शाळा सोडून गेलं की त्याचं नाव ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये जातं. दुसऱ्या शाळेने दाखल करून घेतलं की तिथून निघतं. कुणीच घेतलं नाही तर तिथेच राहतं. हार्टोग समितीला जी ८२ मुलं नावाने कधी दिसली नाहीत, ती आज आपल्याला नावाने, पोडासकट दिसू शकतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे शक्य झालं आहे. पण ती यादी उघडायची कुणी? आज ती बहुधा आकडा शून्यावर आणण्यासाठी उघडली जाते. वरून विचारणा होते, ‘ड्रॉप बॉक्स’ रिकामा करा. मग कारणाच्या रकान्यात ‘स्थलांतरित’ असं भरलं जातं. कुठे, याची कुणी चौकशी करत नाही. या यादीतलं प्रत्येक नाव अंगणवाडीच्या यादीशी, पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांशी, पैनगंगेपलीकडच्या शाळांशी जुळवून पाहणं हे खरं एकात्मीकरण. संगणक हे जुळवणं काही मिनिटांत करू शकतो. त्यानंतर पोडावर माणूसच जावा लागतो.

हे सगळं एकत्र करताना एक भीती मला आहे आणि ती मी लपवत नाही. अमेरिकेत २०१३ साली ‘इनब्लूम’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. अनेक राज्यांतल्या विद्यार्थ्यांची माहिती एका ठिकाणी ठेवायची, अशी ती योजना होती, आणि तिच्यामागे सुमारे दहा कोटी डॉलर होते. माहिती कोण पाहणार, कंपन्यांना देणार का, मुलाचं आजारपण आणि शिक्षासुद्धा त्यात असणार का, असे प्रश्न पालकांनी विचारले. समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत आणि २०१४ साली तो बंद पडला. त्यात तंत्राचा दोष नव्हता, पालकांचा विश्वास कमावलेला नव्हता. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. ‘अपार’च्या संमतीपत्रावर आपल्या पोडांवर अंगठे उठतात. तो अंगठा घेण्याआधी शिक्षकाने कोलामीत, गोंडीत किंवा निदान साध्या वऱ्हाडीत सांगितलं पाहिजे की ही माहिती कोण पाहील, आणि नाही म्हटलं तरी मुलाची शाळा तुटणार नाही. कोलाम माणसाची जात, गाव, आधार, मुलीचं वय, सगळं एका पडद्यावर येणार असेल, तर तो पडदा कोण उघडतो याची नोंदही तितक्याच काटेकोरपणे राहिली पाहिजे.

आता आपल्या मुकुटबनपुरतं बोलतो. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. संक्रांतीनंतरच्या बैठकीत ३० सप्टेंबरच्या पटाची यादी सर्वांसमोर वाचा. प्रत्येक नावावर थांबा. जे मूल वर्गात येत नाही ते कुठे आहे, ते पालकांनाच ठाऊक असतं, शासनाला नसतं. केंद्रातल्या शिक्षण परिषदेत सगळ्या शाळांच्या अशा याद्या एकत्र करा, त्यातली आदिलाबादकडे गेलेली मुलं वेगळी काढा आणि ती यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत तिकडच्या मंडल कार्यालयाला पाठवा. पेन नंबर सोबत असेल तर ते मूल तिथल्या शाळेत दुसऱ्या दिवशी दाखल होऊ शकतं.

शिक्षक म्हणतील, आणखी एक काम. त्यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून माझी शासनाकडे मागणी आहे की ३० सप्टेंबरबरोबर जानेवारीतली दुसरी मोजणी अधिकृत करावी, त्या मोजणीवर कुणाचं पद कमी होणार नाही अशी हमी द्यावी, आणि जी माहिती यंत्रणेत आधीच आहे ती शिक्षकाकडून पुन्हा मागू नये. पद जाण्याची भीती नसेल तर मास्तर गैरहजर मूल गैरहजरच लिहितील. या मागणीचं निवेदन मी तयार करून आणलं आहे. कार्यक्रम संपल्यावर ते मागच्या टेबलावर असेल. मुख्याध्यापकांनी, सरपंचांनी आणि पोडावरच्या पालकांनी ते वाचावं, पटलं तर सही करावी, आणि त्यात काही राहिलं असेल तर आजच सांगावं.